कागदाखालच्या दोन पाट्या

विमा कंपनीच्या त्या विभागीय कार्यालयात कुणाच्याच नावाची पाटी नव्हती. माणसं बदलतात, हुद्दे राहतात, असा जुना नियम होता. म्हणून दारावर फक्त हुद्दा कोरलेला असे. पितळेची पाटी, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, अक्षरांत भरलेला काळा रंग. खोलीतला माणूस निवृत्त झाला की त्याचं सामान खोक्यात भरून घरी जाई आणि पाटी पुढच्याची वाट बघत दारावरच राही. या पाट्या जो माणूस कोरत असे, त्याला सगळी इमारत पाटीवाले म्हणे. पगाराच्या दिवशी हिशेबनीस त्यांचं खरं नाव पुकारत, तेव्हा ते स्वतःच क्षणभर इकडंतिकडं बघत.

पाटीवाले या नोकरीत ठरवून आले नव्हते. त्यांचे मामा इमारतीत सुतारकाम करत. एक दिवस मामांनी सांगितलं, "कोरणारा माणूस गावी गेलाय, दोन दिवस येऊन बस." कोरणारा परत आला नाही. साहेब म्हणाले, "दुसरा मिळेपर्यंत हाच सांभाळेल." त्या 'मिळेपर्यंत'मध्ये पाटीवाल्यांचं लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचंही लग्न झालं, मामा गेले, डोक्यावरचे केस गेले. दुसरा अजून मिळायचा होता.

त्यांची खोली तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला, लिफ्टच्या मोटरीच्या पलीकडं. एक टेबल, एक उघडझाप करणारा दिवा, आणि कोरायचं यंत्र. या यंत्राला दोन हात. एका हाताची सुई साच्यातल्या मोठ्या अक्षरातून फिरवायची, दुसऱ्या हाताखाली तेच अक्षर लहान होऊन पितळेत उतरतं. खिडकीतून उभ्या केलेल्या मोटारींची चाकं दिसत. पाटीवाल्यांची आयुष्यात इच्छा म्हणाल तर एकच होती: हात चालताहेत तोवर या खोलीत, या यंत्राशी बसावं. अशा इच्छेलाही महत्त्वाकांक्षा म्हणतात, हे त्यांना माहीत नव्हतं. पुढं ज्यांना ते माहीत असायला हवं होतं, त्यांनीही ती महत्त्वाकांक्षेत धरली नाही.

त्यांच्या हातून सगळ्या नोकरीत एकच मोठी चूक झाली होती, आणि त्यांचं सगळं वजन त्या चुकीमुळंच होतं. नवे असताना त्यांनी 'दावे अधिकारी' ही पाटी शेजारच्या चुकीच्या दारावर लावली. त्या दारामागं जुन्या फायली सांभाळणारा एक लाजाळू कारकून बसे, आणि तो तेव्हा मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी रजेवर होता. तो परतला तर दारासमोर लोकांची रांग. नाही म्हणायला त्याला जमत नसे, म्हणून त्यानं लोकांचे दावे घ्यायला सुरुवात केली. बऱ्याच दिवसांनी वरच्यांच्या लक्षात आलं. तोपर्यंत एवढ्या कागदांवर त्याच्या सह्या झाल्या होत्या, की पाटी काढण्यापेक्षा त्याला दावे अधिकारी करण्याचा आदेश काढणं सोपं होतं. तो चांगला अधिकारी निघाला, हा पुढचा योगायोग.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच खरं तर झालं होतं. पण ज्या इमारतीत माणसं दिवसभर इतरांच्या भविष्याची हमी विकतात, तिथं स्वतःच्या भविष्याबद्दल कुणालाच खात्री नसते. पाटी आधी, हुद्दा नंतर, असा समज पसरला. अधिकारी एकेक करून तळमजल्यावर येऊ लागले. सगळे ताकाला येऊन भांडं लपवणारे.

"सहज आलो होतो, पाटीवाले. लिफ्टचा आवाज फार येतो का हो तुम्हाला?"

"सवय झाली, साहेब."

"हं. बरं, समजा, म्हणजे नुसतं समजा, 'वरिष्ठ' शब्द लावायचा झाला तर पाटी किती रुंद लागेल?"

पाटीवाले यासाठी कुणाकडून काही घेत नसत. येणारा माणूस दारात घुटमळतो, खाली बघतो, आवाज उतरवतो, एवढं त्यांना पुरे होई. वर जे साहेब त्यांच्याकडं बघतही नसत, ते इथं लाकडी स्टुलावर बसत. पाटी कोरून झाली की पाटीवाले तिच्यावर नेहमीप्रमाणं तपकिरी कागद चिकटवत. स्क्रू आवळताना पेचकस घसरला तर ओरखडा कागदावर पडावा, पितळेवर नाही, म्हणून हा कागद. तो पाटी पक्की झाल्यावरच काढायचा. कागदावर ते पेन्सिलीनं दाराची खूण लिहीत. ज्या पाट्यांना अजून दार नव्हतं, त्या कपाटात जात. कपाट भरत आलं होतं.

सर्वांत खालच्या खणात, सर्वांत जुनी, उपव्यवस्थापकांची पाटी होती: 'विभागीय व्यवस्थापक'. तीन विभागीय व्यवस्थापक त्यांच्या डोक्यावरून येऊन गेले होते. उपव्यवस्थापक अधूनमधून खाली येत, पाटी मागून घेत, कागदाचा कोपरा उचलून बघत आणि परत देत.

"काळी तर पडली नाही ना?"

"नाही साहेब. वापर नाही, मग काळी कशानं पडेल?"

अशात एक दिवस करिअर विकास अधिकारी आल्या. मुख्यालयानं त्यांना कंत्राटावर पाठवलं होतं. तिशीच्या आतल्या, चालताना पायरी गाळणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणाऱ्या. वर जागा नव्हती म्हणून त्यांना पाटीवाल्यांच्या शेजारची अडगळीची खोली मिळाली. पाटीवाले त्यांना मॅडम म्हणू लागले, त्या त्यांना काका.

मॅडमनी सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात बसवलं आणि आयुष्याचं नियोजन शिकवलं. स्वतःची ओळख करून घ्या. आपल्या हातातलं कोणतं कौशल्य दुसऱ्या कामात नेता येईल ते शोधा. ध्येय ठरवा, त्याचे टप्पे पाडा. ज्याच्याकडून शिकता येईल असा माणूस गाठा. आणि योगायोगाला तयार राहा, कारण निम्मी करिअर योगायोगानं घडतात; तयार माणूस त्या वेळी दारात उभा असतो, बाकीचे जेवायला गेलेले असतात. हे शेवटचं वाक्य लोकांना फार आवडलं. ते ऐकून सगळे जेवायला गेले.

जेवणानंतर मॅडम एकेकाला विचारू लागल्या. शेवटच्या रांगेत पाटीवाले होते.

"काका, तुमचं ध्येय काय?"

"पाट्या."

"त्याच्या पुढं?"

"पाटीच्या पुढं काही नसतं मॅडम. मागं दार असतं."

सभागृह हसलं. मॅडमही हसल्या. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"जिथं स्क्रू सैल झाला असेल तिथं."

पुन्हा हशा झाला. पाटीवाले घरी जाईपर्यंत मनात ती दोन उत्तरं घोळवत होते. आपण एवढे हजरजबाबी आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम त्यांच्या खोलीत आल्या आणि स्टुलावर बसल्या. त्यांनी आवाज उतरवला, तेव्हा पाटीवाल्यांना वाटलं, आता या पाटीची रुंदी विचारणार.

"काका, काल सगळ्यांसमोर बोलले नाही. वरचे सगळे मजले मोकळे करणार आहेत. भिंती पाडून एकच मोठं दालन. साहेब, कारकून, सगळे एकत्र बसणार."

"आणि दारं?"

"दारं नसतील."

लिफ्टची मोटर घरघरली, थांबली.

"मुख्यालयाची समिती येतेय," मॅडम म्हणाल्या. "दारोदार फिरून बघणार, कोणतं पद ठेवायचं, कोणतं नाही. ज्या पदाला पुढं वाट आहे ते राहील. ज्याला नाही ते बंद. तुमच्याकडं काहीतरी आराखडा हवा. नुसतं 'पाट्या' म्हणालात तर तुम्हाला घरी पाठवतील आणि यंत्र भंगारात."

"दारं नसली तरी माणसं वाट चुकणारच की," पाटीवाले म्हणाले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, म्हणून ते म्हणाले.

मॅडमनी मान वर केली. "हे चांगलं आहे. हे लक्षात ठेवा." आणि जरा थांबून, "अजून एक. माझ्या दाराला पाटी नाही. माझं कंत्राट याच महिन्यात संपतंय. म्हणजे मी काही मानत वगैरे नाही. पण समिती येताना दार बोडकं दिसायला नको."

"रुंदी किती ठेवू?" पाटीवाल्यांनी विचारलं.

घरी पाटीवाल्यांची बायको कपडे दुरुस्तीचं काम करी; आखूड झालेलं लांब करायचं, सैल झालेलं आवळायचं. सगळं ऐकून घेताना तिनं शिवणयंत्र थांबवलं नाही.

"मग काय ठरवलंत?"

"काय ठरवणार?"

"ते मला आधीच ठाऊक होतं. अहो, लग्नाच्या वेळी तुम्हाला विचारलं होतं, काय करता, तर म्हणालात, सध्या तात्पुरता आहे. माझ्या वडिलांना वाटलं पोरगा लवकरच मोठा होणार." तिनं दातानं दोरा तोडला. "आख्ख्या इमारतीला मोठं करून सोडलंत. स्वतःसाठी एक पाटी कोरायला काय झालं होतं?"

"असं करत नसतात."

"का?"

"मी त्या लोकांसारखा नाही. मी मानत नाही ते."

"मग कोरायला भीती कशाची?"

पाटीवाल्यांनी ताट ओढून घेतलं. इतकी वर्षं ते त्या साहेबांना मनातल्या मनात हसत आले होते. आपणही तसलेच आहोत, हे बायकोला कळलंय की नाही याचा अंदाज घेत ते जेवले. तिला कळलं होतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी त्यांनी दोन पाट्या कोरल्या, एकाच पट्टीतून कापलेल्या, एकाच मापाच्या. एक 'करिअर विकास अधिकारी'. दुसऱ्या पाटीवर काय कोरायचं, यावर ते बराच वेळ अडले. शेवटी 'प्रमुख, दिशाफलक कक्ष' असं कोरलं. असा कक्ष कुठंच नव्हता, त्यामुळं त्याचा प्रमुख होण्यात कुणाचा अडथळाही नव्हता. कोरून झाल्यावर त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली, की रंग भरून सुकताच त्यांनी दोन्ही पाट्यांवर घाईनं कागद चिकटवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कागदावर पेन्सिलीची खूण करायची राहून गेली.

सकाळी त्यांनी दोन्ही पाट्या लावल्या, शेजारशेजारच्या दारांवर. डावीकडची कुठली आणि उजवीकडची कुठली, हे आपल्याला पक्कं माहीत आहे असं त्यांना वाटलं; कोणती वर ठेवली होती ते आठवत होतं. स्क्रू आवळले. आता कागद काढायचा, एवढ्यात वरून बोलावणं आलं.

उपव्यवस्थापक खोलीत येरझाऱ्या घालत होते. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं.

"पाटीवाले, माझी ती पाटी. आजच्या दिवस माझ्या दाराला लावा."

"साहेब, आज समिती आहे."

"म्हणूनच. एकच दिवस. संध्याकाळी काढून टाका."

"व्यवस्थापक साहेबांचं दार समोरच आहे."

"ते दौऱ्यावर आहेत."

"साहेब," पाटीवाले म्हणाले, "दाव्यांची ती पाटी मी चुकून लावली होती. मुद्दाम लावलेली चालत नाही." हे कुठून सुचलं ते त्यांचं त्यांना कळलं नाही, पण उपव्यवस्थापकांनी पाटीचा विषय सोडला, इतकं ते त्यांना पटलं.

एवढ्या वेळात तळमजल्यावर सफाईवाल्या मावशी आल्या होत्या. समितीसाठी सगळं चकचकीत करायचा हुकूम होता. दोन दारांवर तपकिरी कागद बघून त्यांनी कपाळाला हात लावला, कागद ओरबाडून काढले, पितळ फडक्यानं पुसलं आणि पुढं गेल्या. त्यांना वाचता येत होतं, पण कुठल्या दारामागं कोण बसतं ही त्यांच्या मते साहेबांची भानगड होती.

पाटीवाले घाईनं मागच्या जिन्यानं उतरले, खोलीचं दार उघडंच होतं, ते सरळ आत गेले आणि ॲप्रन बांधून यंत्राशी बसले. दाराकडं त्यांनी बघितलं नाही. स्वतःची पाटी बघायची छाती झाली नाही, असं ते पुढं बायकोला म्हणाले.

समितीच्या प्रमुख एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. बरोबर दोन गृहस्थ आणि वाट दाखवायला उपव्यवस्थापक. बाईंनी दारावरची पाटी वाचली, आत आल्या, आणि पितळेच्या भुग्यानं पिवळे झालेले पाटीवाले त्यांना दिसले.

"तुम्ही इथले करिअर विकास अधिकारी?"

पाटीवाले यंत्रावरून उठले. "नाही बाई. मी पाट्या करतो."

बाईंनी दाराकडं बघितलं, पाटीवाल्यांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय होता. त्या पुढं झाल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. कागदात गुंडाळलेल्या पाट्यांची चळत. त्यांनी एकीचा कागद फाडला. 'वरिष्ठ लेखापाल'. दुसरीचा फाडला. 'मुख्य निरीक्षक'.

"ही पदं भरलेली आहेत का?"

"नाही बाई," पाटीवाले म्हणाले. आता लपवून काय उपयोग, असं त्यांना वाटलं. "ज्यांना व्हायचंय ते येऊन करून घेतात. कुणाला काय व्हायचंय ते सगळं यात आहे."

बाई वाकल्या. त्यांचा हात सर्वांत खालच्या खणाकडं जायला लागला. उपव्यवस्थापक पटकन कपाटासमोर आले.

"हेच ते," ते एकदम म्हणाले. "आमचे करिअर विकास अधिकारी हेच. फार साधे आहेत, स्वतःबद्दल बोलत नाहीत. ही आमची ध्येयफलक योजना आहे. प्रत्येक कर्मचारी आपलं ध्येय इथं येऊन सांगतो आणि हे ते पितळेत करून ठेवतात. गुप्तता पाळतात. म्हणून बाकीच्या पाट्या उघडू नयेत, अशी विनंती आहे."

बाई सरळ उभ्या राहिल्या. एका गृहस्थानं लिहून घेतलं. "बाकीच्या कार्यालयांतून," बाई म्हणाल्या, "मला फक्त तक्ते दाखवतात." त्या बाहेर पडल्या. पाटीवाले काही बोलणार, तोच उपव्यवस्थापकांनी मागं वळून त्यांच्याकडं असं बघितलं, की तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

शेजारच्या खोलीत मॅडम उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात इमारतीचा नकाशा होता.

"तुम्ही दिशाफलक कक्षाच्या प्रमुख," बाई म्हणाल्या. "हा कक्ष मला कागदावर कुठं दिसला नाही."

"नवीन आहे," मॅडम शांतपणं म्हणाल्या. "भिंती गेल्यावर माणसं वाट चुकणार." आणि त्यांनी नकाशा पसरला. कुठल्या रंगाची रेघ जमिनीवरून कुठं जाईल, विमेदार आत आल्यावर पहिल्यांदा काय वाचेल, जिन्याशी काय असेल, लिफ्टपाशी काय. हे सगळं त्यांनी बोलता बोलता ठरवलं आणि बोलण्याच्या जरासं मागून पेन्सिलीनं काढत गेल्या. समिती तिथं पाटीवाल्यांकडं होती त्याहून जास्त वेळ थांबली.

सगळे गेल्यावर पाटीवाले बाहेर आले आणि त्यांनी दोन्ही दारांकडं पहिल्यांदा बघितलं. मग पेचकस घेऊन आले.

"राहू द्या, काका," मॅडम दारातून म्हणाल्या.

"उलट्या लागल्यात मॅडम. समितीला आत्ता जाऊन सांगतो."

"मी सकाळीच बघितलं होतं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"समिती जिन्यावर होती." त्यांनी क्षणभर खाली बघितलं. "मी नऊ कार्यालयांत लोकांना सांगत आलेय, योगायोगाला तयार राहा. माझ्यापर्यंत आजच आला. कंत्राटी करिअर अधिकाऱ्याला कुणी कायम करत नसतं, काका. त्या कामाला पुढं वाट नाही."

पाटीवाले तरीही संध्याकाळी उपव्यवस्थापकांकडं गेले. उपव्यवस्थापकांनी दार लावून घेतलं.

"समितीनं नोंद केली. उद्या आदेश निघेल. तो चुकीचा ठरवायचा तर त्या तिघांना चुकलो म्हणावं लागेल, मला खोटं बोललो म्हणावं लागेल, आणि मॅडमना घरी जावं लागेल. त्यापेक्षा तुम्ही एकटे अधिकारी व्हा. कमी लोकांना त्रास."

"माझं यंत्र?"

"ते दिशाफलक कक्षाचं. तुमचं काय काम त्याच्याशी?"

आदेश निघाला. खोल्यांची अदलाबदल करायचीही गरज पडली नाही, कारण थोड्याच दिवसांत दोघांच्या मधली भिंत पाडली. यंत्र मॅडमच्या बाजूला गेलं. त्यांनी ते कोपऱ्यात सरकवलं आणि चिकटपट्टीच्या रंगीत अक्षरांचं सामान मागवलं. वरच्या मोकळ्या दालनात माणसं खरोखरच वाट चुकू लागली, तसतसा मॅडमचा कक्ष वाढत गेला. हाताखाली दोन माणसं आली, मग चार. कुणी त्यांचं कौतुक केलं की त्या म्हणत, "आधी मी लोकांना आयुष्यात कुठं जायचं ते सांगायचे. प्रसाधनगृह कुठं ते सांगितलं की लोक जास्त आभार मानतात."

पाटीवाल्यांना टेबल, खुर्ची आणि समोर आणखी एक खुर्ची मिळाली. माणसं येत, बसत, खाली बघत, आवाज उतरवत. यात त्यांना नवीन काही नव्हतं. फक्त आधी माणूस गेल्यावर हाताला काम असे, आता नसे. त्यांनी चांगले सल्ले दिले आणि वाईटही दिले. एका हिशेबनिसाला त्यांनी दोन महिने धीर धरायला सांगितलं. त्यानं धरला आणि त्याची जागा दुसऱ्याला गेली. लोक तरीही येत. पाटीवाल्यांच्या हातचं काही लागलं की माणूस वर जातो, हा समज पितळेवरून त्यांच्यावर सरकला होता.

घरी बायको म्हणाली, "अधिकारी झालात."

"झालो."

"मग तोंड का असं?"

"दिवसभर बसून असतो."

"मोठी माणसं बसूनच असतात." मग शिवणयंत्र थांबवून, "ॲप्रन धुऊन ठेवू की फडकं करू त्याचं?"

"ठेव धुऊन."

वर्ष भरत आलं. नियमाप्रमाणं प्रत्येक अधिकाऱ्यानं स्वतःच्या विकासाचा आराखडा करायचा होता: एक नवीन कौशल्य निवडायचं, ज्या कक्षात ते शिकता येईल त्याच्या प्रमुखाची परवानगी घ्यायची, आठवड्यातला एक दिवस तिथं उमेदवार म्हणून काम करायचं, आणि प्रमुखानं शेरा द्यायचा. दुसऱ्यांचे आराखडे तपासता तपासता पाटीवाले या कलमाशी थांबले. सगळ्या नोकरीत त्यांनी स्वतःच्या भविष्याचा विचार करून जुळवलेली ही पहिली गोष्ट.

त्यांनी अर्ज नेऊन मॅडमसमोर ठेवला. कौशल्य: पितळेवर अक्षरं कोरणं.

मॅडमनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला. "काका, हे तुम्हाला येतं."

"तशी कुठं नोंद नाही. मी करिअर विकास अधिकारी आहे."

"यंत्र भंगारात द्यायचं चाललंय."

"उमेदवार शिकत असताना यंत्र हलवता येत नाही. नियम बघा. तुमच्याच वेळी केलेला आहे."

मॅडमनी पेन उघडलं. "हा आराखडा चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि सही केली.

पहिल्या दिवशी पाटीवाल्यांनी धुतलेला ॲप्रन बांधला, यंत्राला तेल दिलं, आणि आता काय कोरायचं असा प्रश्न पडला. तेवढ्यात उपव्यवस्थापक आले. ते कालच निवृत्त झाले होते. त्यांच्या काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेली जुनी पाटी होती. ती ते आदल्या दिवशी कपाटातून काढून, सामानाच्या खोक्यातून घरी घेऊन गेले होते.

"पाटीवाले, हिच्यात 'विभागीय'च्या आधी थोडी जागा आहे ना? 'निवृत्त' बसेल?"

पाटीवाल्यांनी पाटी हातात घेतली. कागदाखाली ती नवी कोरी होती. "बसेल. पण साहेब, तुम्ही विभागीय व्यवस्थापक कधी..."

"निवृत्त तर झालो ना? घराच्या दाराला लावायचीय. तिथं समिती येत नाही."

पाटीवाल्यांनी साचा लावला, सुई फिरवली. पितळेचा बारीक भुगा बोटांवर आला. जोडाक्षराशी हात जरा अडखळला, वर्षभर बसून असल्याचा परिणाम. पण 'त' वळणदार उतरला. रंग भरला, पुसला, आणि नवीन कागद चिकटवून त्यावर पेन्सिलीनं लिहिलं: घराचं दार.

उपव्यवस्थापक पाटी छातीशी धरून गेले. मॅडम यंत्राजवळ आल्या, उरलेल्या तुकड्यावर कोरून बघितलेलं अक्षर त्यांनी उजेडात धरलं, आणि उमेदवाराच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'प्रगती समाधानकारक. सुधारणेला वाव आहे.'

"हे असं का?" पाटीवाल्यांनी विचारलं.

"वाव नाही असं लिहिलं," मॅडम म्हणाल्या, "तर शिकणं संपलं असं होतं, काका. मग पुढच्या आठवड्यात यायचं कशाला?"

पाटीवाल्यांनी दिवा बंद केला, पुन्हा लावून बघितला, आणि यंत्रावर फडकं टाकलं.